वर्गणीची वही आणि घरपट्टीची पावती

माझ्या मामांचं म्हणणं असं, की शाळेसाठी वर्गणी मागायला गावात शिरणारा माणूस मनाने कितीही चांगला असला तरी तो सरकारला मोकळं सोडतो. माझं म्हणणं असं, की वर्गणी मागितल्याशिवाय गाव शाळेकडे वळून बघत नाही. मामा शिरपूर तालुक्यात जन्मभर जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख. आता धुळ्याला देवपुरात राहतात. मी जळगावला नोकरी करते, आणि आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून चोपडा-यावल बाजूच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांसाठी पैसे उभे करतो. कुठे पत्रे, कुठे मुलींसाठी स्वच्छतागृह, कुठे नुसती पुस्तकं. आमचा हा वाद जुना आहे. दरवेळी जेवणाची हाक आली की तो अर्धवट सुटायचा. या खेपेला तो नीट झाला म्हणून लिहून काढते आहे. मामांचं सगळं मला पटलेलं नाही. पण त्यांना उत्तर देताना माझी स्वतःची बाजू मला आधीपेक्षा जास्त स्पष्ट झाली.

सुरुवात त्यांनीच केली, घरपट्टीची पावती पुढे ठेवून.

"ही ओळ वाच."

"शिक्षण कर."

"याचा कायदा १९६२ चा. महाराष्ट्र दोन वर्षांचा होता तेव्हापासून शहरातला घरमालक शाळेसाठी पैसे भरतोय. आता तुझा आयकर बघ. २००४ साली केंद्राने २ टक्के शिक्षण उपकर लावला, २००७ ला त्यात १ टक्क्याची भर पडली, आणि २०१८ पासून आरोग्य आणि शिक्षण मिळून ४ टक्के. म्हणजे तुझी वर्गणी पगारातूनच कापली गेली ना? मग परत तीच मागायला दारोदार का फिरायचं?"

"कारण तो पैसा पाड्यावर पोचत नाही, मामा."

"मग तो पोचवायला फिर. पंचायत समितीत जा, जिल्हा परिषदेत जा, अर्ज दे, माहितीच्या अधिकारात विचार. तुम्ही शिकलेली पोरं. अर्ज लिहिता येणाऱ्या माणसाने पावतीपुस्तक घेऊन हिंडायचं, आणि ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याने खिशात हात घालायचा, हे मला बघवत नाही."

मी म्हटलं, अर्जाचा निकाल लागेपर्यंत पहिलीतलं पोर पाचवीत जातं. पाऊस जूनमध्ये येतो आणि गळणारा वर्ग जूनमध्येच गळतो. पोरं दप्तर डोक्यावर धरून एका कोपऱ्यात बसलेली असताना "हे सरकारचं काम आहे" असं त्यांना कसं सांगायचं?

मामांनी यावर जे सांगितलं ते केंद्रप्रमुखालाच ठाऊक असतं. दरवर्षी प्रत्येक शाळेची माहिती यू-डायसच्या नमुन्यात भरावी लागते. त्यात वर्गखोल्या सुस्थितीत किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती, मोठ्या दुरुस्तीच्या किती, असे रकाने असतात. "तू पत्रे टाकलेस की ती खोली सुस्थितीच्या रकान्यात गेली. पुढे निधी वाटायला बसणाऱ्या साहेबाला ती शाळा दिसतच नाही. ज्या गावाला तुझ्यासारखी माणसं भेटली ते गाव यादीतून गेलं, एवढंच नाही, तर त्या भागातली गरजच कागदावर कमी झाली. ही माणसं चांगली आहेत म्हणूनच मला त्यांची काळजी वाटते. वाईट माणसाच्या हातून एवढं नुकसान होत नाही."

मग मी कर्मवीरांना मध्ये आणलं. महाराष्ट्रात शाळेच्या वर्गणीबद्दल बोलायचं आणि भाऊराव पाटलांचं नाव घ्यायचं नाही, हे शक्यच नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था निघाली ती सरकारी पैशावर नव्हे. घरातली बाई दळायला बसताना मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढायची, त्याचा मुष्टिफंड झाला. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी गेले. "आणि लांब कशाला जायचं? आपल्या जळगाव जिल्ह्यात शेंदुर्णीला आचार्य गजाननराव गरुडांनी माध्यमिक शाळांसाठी चक्क सहकारी सोसायटी काढली. लोक सूतगिरणीचे भागधारक होतात तसे तिथे शाळेचे सभासद झाले. अमळनेरला प्रताप शेठजींच्या देणगीवर कॉलेज उभं राहिलं. त्या वेळी हे सगळे घरपट्टीची पावती दाखवत बसले असते तर तुम्ही तरी शिकला असतात का, मामा?"

मामा थोडा वेळ गप्प राहिले. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयात पोरांची अंथरुणं स्वतः काढत, हे मामांनी आपल्या प्रत्येक वर्गाला सांगितलेलं आहे. त्यामुळे अमळनेरचं नाव निघालं की ते जरा मऊ होतात. पण वाद सोडत नाहीत.

"तेव्हा सरकार इंग्रजांचं होतं, पोरी. ज्याच्याकडून मागायचं तोच परका. म्हणून रयतेने रयतेसाठी केलं. कर्मवीरांनी मूठ मूठ धान्य गोळा केलं ते स्वराज्यात आपल्या पोरांना शाळा मिळावी म्हणून. आता स्वराज्य आलं. २००९ ला शिक्षण हक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० ला लागू झाला. एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा, तीन किलोमीटरच्या आत उच्च प्राथमिक. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पिण्याचं पाणी, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं. हे सगळं कायद्यात लिहिलंय. हक्काची वस्तू वर्गणीतून घेतली की ती उपकार होते. कर्मवीर आज असते तर त्यांनी मुष्टिफंडाऐवजी मंत्रालयावर मोर्चा नेला असता, असं मला वाटतं."

मला तसं वाटत नाही. मला वाटतं त्यांनी दोन्ही केलं असतं, आणि मोर्च्याला जायची भाकरी मुष्टिफंडातूनच बांधली असती.

इथपर्यंत वाद पुस्तकी होता. तो जमिनीवर आला तो धुळे जिल्ह्यातल्या डिजिटल शाळांमुळे. हर्षल विभांडिक हे मूळचे धुळ्याचे, न्यूयॉर्कला बँकेत काम करणारे. त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळा डिजिटल करायचं मनावर घेतलं आणि त्यासाठी रीत ठेवली ती अशी: खर्चातले ७० टक्के गावाने उभे करायचे, ३० टक्के ते देणार. गावोगाव प्रेरणासभा झाल्या. चार तालुक्यांच्या या जिल्ह्यात ११०३ शाळांमध्ये ते काम झालं. सरकारी योजनेत साधारण आधी वस्तू येते आणि मग गावाला कळतं. इथे आधी गावाची सभा भरली, मग वस्तू आली.

"मी बसलोय त्या सभांना," मामा म्हणाले. "तुले सांगू का, पालकसभेला तीन माणसं यायची, त्या गावात मंडप भरला होता. परगावी नोकरीला गेलेली पोरं आली होती. ज्या बाईने शाळेचा उंबरा कधी ओलांडला नव्हता तिने उठून पैसे दिले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन बसली, आपल्या पैशाचं काय झालं ते बघायला. हे मी नाकारत नाही. ७० टक्के गावाचे ठेवले यात त्या माणसाची समज दिसते. सगळं स्वतः दिलं असतं तर गाव टाळ्या वाजवून घरी गेलं असतं."

"मग तुमची तक्रार कशाबद्दल आहे?"

"पुढच्या वर्षांबद्दल. पडद्याचं, संगणकाचं आयुष्य किती? पाच-सात वर्षं. त्यानंतर परत सभा? वीजबिल कोणी भरायचं? थकलेल्या बिलापायी शाळेची वीज तोडली, हे तुला नवीन आहे का? आणि पडदा लागला पण मास्तर? २०१२ नंतर या राज्यात शिक्षकभरती वर्षानुवर्षं बंद होती. माझ्या केंद्रात चार वर्ग आणि एक मास्तर अशा शाळा होत्या. तो मास्तर बैठकीला गेला की शाळा बंद. गाव पडद्याला पैसे देतं, कारण पडदा दिसतो. मास्तरची रिकामी खुर्ची कोणाला दिसत नाही, आणि तिच्यासाठी वर्गणी मागताही येत नाही."

याच मुद्द्याला धरून त्यांनी अमेरिकेतल्या नातवाची गोष्ट काढली. तो शाळेत शिकतो, आणि तिथल्या मुलांच्या गटात त्याने गाड्या धुऊन, खाऊ विकून सेनेगलमधल्या एका खेड्यात शाळा बांधण्यासाठी डॉलर जमवले. मामांना त्याचा अभिमान आहे, तो ते लपवत नाहीत. पण त्यांना खुपतं ते हे, की सातपुड्यात आजोबांच्या तालुक्यात वर्ग गळतोय आणि नातू आफ्रिकेला पैसे धाडतोय.

मी म्हटलं, "त्याच्यासाठी दोन्ही गावं सारखीच लांब आहेत, मामा. आणि त्याने केलं ते नीट बघा तरी." अशा मुलांबरोबर काम करणारी बिल्डऑन नावाची एक अमेरिकी संस्था आहे. सेनेगल, माली, बुर्किना फासो, मलावी, नेपाळ अशा ठिकाणी ती शाळा बांधते. तिची रीत विभांडिकांच्या रीतीच्या जवळची आहे. बाहेरून पैसा, सिमेंट, सळई आणि जाणकार गवंडी; गावाने जागा, वाळू आणि अंगमेहनत द्यायची, आणि मुलींना मुलांच्या बरोबरीने शाळेत घालायचं असा करार करायचा. त्या करारावर गावातली माणसं सह्या करतात. ज्यांना सही येत नाही ती अंगठा उठवतात, आणि अंगठेच जास्त असतात. शिक्षक मात्र तिथल्या सरकारचा असतो.

"करार करतात?" मामांनी मान हलवली. "हे बरं आहे. आपल्याकडे गाव पैसे देतं पण त्यावर कोणाची सही नसते. गावाने काय द्यायचं ते ठरतं, गावाला काय मिळणार ते कधी लिहीत नाहीत."

बुर्किना फासोचीच आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली, कारण ती आमच्या दोघांच्याही उपयोगाची होती. मुलींची नोंदणी जिथे सगळ्यात कमी अशा भागात १३२ गावांमध्ये अमेरिकी सरकारच्या पैशाने शाळा बांधल्या गेल्या. ब्राइट हे त्या कार्यक्रमाचं नाव. अर्थतज्ज्ञांनी नंतर तपासलं तेव्हा त्या गावांत शंभरातली सुमारे १९ मुलं जास्त शाळेत आली होती, मुलींमधली वाढ मुलांपेक्षा अधिक होती, आणि परीक्षेतले गुणही चांगलेच वाढले होते. "म्हणजे इमारत बांधली की पोरं येतात," मी म्हटलं.

"नुसती इमारत होती का?"

नव्हती. पाण्याची सोय होती, मुलींची वेगळी स्वच्छतागृहं होती, नियमित येणाऱ्या मुलींना घरी न्यायला धान्य मिळायचं, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला पाळणाघर होतं, म्हणजे थोरल्या बहिणीला घरी थांबायचं कारण उरू नये.

"बघ," मामा म्हणाले. "पाळणाघर! ज्याने ते सुचवलं त्याला खेडं कळलेलं आहे. माझ्या शाळेत चौथीतली पोर कडेवर भाऊ घेऊन यायची. मी त्याला वर्गात रांगू द्यायचो. पण हा पैसा सरकारचा होता, अमेरिकेचा का असेना. अजून एक आकडा तुला देतो. इंडोनेशियात तेलाचा पैसा आला तेव्हा १९७३ ते १९७८ या काळात त्यांच्या सरकारने ६१,००० च्या वर प्राथमिक शाळा बांधल्या. एस्थर डफ्लोने त्याचा अभ्यास केला, तिला पुढे नोबेल मिळालं. पोरं जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांची कमाईही वाढली. आता सांग, जगात कुठल्या वर्गणीतून ६१,००० शाळा झाल्यात?"

कुठल्याच नाही. हा आकडा मला मान्य करावा लागला, आणि मी तो मनापासून मान्य करते. शाळा सगळ्या मुलांना द्यायची असेल तर ती सरकारच देऊ शकतं.

पण मग मामांनी स्वतः पाहिलेली जी हकीकत सांगितली, तिच्यातून मला माझं उत्तर सापडलं. गावाचं नाव त्यांनी घेतलं, मी घेत नाही. पाड्यावर कुडाच्या खोपटात शाळा भरायची. शहरातल्या काही सज्जनांनी पैसे जमवून दोन खोल्यांची पक्की इमारत बांधून दिली: आरसीसी छत, फरशी, दारावर संगमरवरी पाटी, पाटीवर देणगीदारांची नावं. जागा निवडली ती डांबरी रस्त्याच्या कडेला, कारण तिथपर्यंत ट्रक जात होता आणि उद्घाटनाच्या गाड्याही. पाडा मात्र नाल्याच्या पलीकडे. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की लहान पोरांना ओलांडता यायचं नाही. मास्तर शहाणा होता. तो जून ते सप्टेंबर परत खोपटातच शाळा भरवायचा. पुढे त्या इमारतीत मक्याची कणसं आणि कडबा साठवला जाऊ लागला. मामा तपासणीला गेले तेव्हा त्यांनी फळ्यावरून हात फिरवला, खडूचा कणही हाताला लागला नाही. "पाटी मात्र स्वच्छ होती. कोणीतरी ती पुसत असायचं."

"मामा, हे माझ्या बाजूचं उदाहरण आहे," मी म्हटलं. "त्या पाड्याने एक रुपया दिला असता तर जागा कुठे पाहिजे हे सांगायचा त्याला हक्क आला असता. फुकट मिळणाऱ्या वस्तूची जागा कोण बदलून मागतं? मी लोकांकडून पैसे घेते ते पैशासाठी नाही. पैसे आम्ही जळगावातल्या चार दुकानांतूनही आणू शकतो. घेते, कारण वीस रुपये दिलेला माणूस प्रश्न विचारतो."

आणि मी त्यांच्यापुढे आमची वही ठेवली. साधी दोनशे पानी, कव्हर सुटलेलं. एका पाड्याचं पान असं आहे. २० रुपये, पुढे अंगठा. तूर दोन पायली. ५० रुपये. ट्रॅक्टर, वाळूच्या दोन खेपा, डिझेल स्वतःचं. ११ रुपये, आजीबाई, नातू दुसरीत. गवंडीकाम तीन दिवस, मजुरी नको, दुपारची भाकर पाहिजे. बचत गट, ५०० रुपये, त्यापुढे कंसात "संडासला दार लोखंडी पाहिजे". ही अट गटातल्या बायकांनी घातली होती. आमच्या अंदाजपत्रकात पत्र्याचं दार होतं. त्या म्हणाल्या, पत्रा वाऱ्याने वाजतो आणि वाकून फट पडते, मोठ्या पोरी आत जाणार नाहीत. आम्ही पैसे वाढवले, लोखंडी दार लावलं, आतून कडी. नंतर एका बाईंनी आम्हाला शाळा दाखवली, आणि दाखवताना त्या म्हणत होत्या, "शाळा आमनी शे." त्यापुढे त्यांनी मास्तरांना आमच्यासमोर विचारलं, की खिचडीत डाळ कमी का असते. शाळा आमची म्हणण्यातून हा प्रश्न आला. पैसे देण्याआधी तो कोणी विचारला नव्हता.

मामांनी पान पुरं वाचलं, बोट फिरवत. मग जे बोलले ते मला सगळ्यात जास्त लागलं.

"या पानावर डॉक्टर कुठाय? वकील कुठाय? मास्तर तरी आहे का? ज्याची पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत, त्याच्याकडून तू पैसे घेतेस. ज्याची ऐपत आहे त्याची पोरं दुसऱ्या शाळेत, तो मोकळा. फी घ्यायला कायद्याने बंदी आहे म्हणून तीच फी वर्गणीच्या नावाने मागच्या दाराने आली असं मी म्हटलं तर? आणि ज्याच्याकडे ११ रुपयेही नाहीत, त्याचं पोर त्या वर्गात कसं बसेल? सभेत नावं वाचून दाखवतात, मी ऐकलंय. ज्याचं नाव वाचलं जात नाही तो बाप खाली बघतो."

आम्ही नावं वाचत नाही. रकमा भिंतीवर लावत नाही. श्रम, धान्य, अर्धा दिवस मुलांना गोष्ट सांगणं, सगळं वहीत सारख्याच ओळीत येतं. आणि शहरातून येणारा वाटा मोठा ठेवतो, गावाचा लहान. पण मामांचा मूळ प्रश्न याने सुटत नाही, हे मला कळतं. गरिबाची शाळा गरिबाच्याच पैशाने दुरुस्त होणं हे न्यायाचं नाही. मी एवढंच म्हणू शकते, की अन्याय दोन आहेत. एक, त्याला पैसे द्यावे लागतात हा. दुसरा, त्याच्या शाळेत त्याला कोणी काही विचारत नाही हा. पहिला संपायची वाट बघत दुसरा सोसायला मी त्याला सांगणार नाही.

दत्तक शाळेच्या योजनेवर मात्र आम्ही दोघे एका बाजूला होतो. १८ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने कंपन्यांना आणि दानशूरांना सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घेता येते. ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी ५० लाखांच्या, दहा वर्षांसाठी १ कोटीच्या वस्तू-सेवा द्यायच्या, आणि देणगीदाराला हवं तर त्याचं नाव शाळेला जोडता येतं. मामा म्हणतात, सरकारने पालकत्वच वाटायला काढलं. माझी हरकत वेगळी आहे: त्यात गाव कुठेच नाही. देणारा आणि सरकार, दोघांत व्यवहार, आणि तूर दोन पायली देणारा बाहेर उभा. अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या विप्रोच्या पैशातून अझीम प्रेमजी फाउंडेशन उभं राहिलं. त्यांनी आपला बराचसा जोर सरकारी शाळांतल्या शिक्षकांना समर्थ करण्यावर दिला, हे दोघांनाही बरं वाटतं. "पैसा एवढा असून विटांपेक्षा मास्तरकडे बघणारे थोडे," मामा म्हणाले.

शाळा बंद होण्याच्या प्रश्नावर त्यांचा आवाज उतरला. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळांची यादी राज्यात निघाली. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचा प्रस्ताव आला. सातपुड्यातल्या पाड्यावर वीस पोरं हा पूर्ण पट आहे, तिथे घरंच तेवढी. अशा ठिकाणी तुम्ही पत्रे टाकायचे आणि दोन वर्षांनी शाळाच दुसऱ्या गावात न्यायची, मग त्या पत्र्यांचं काय? मी उलट विचारलं, ज्या गावाने भिंतीत स्वतःची वाळू घातली ते गाव शाळा मुकाट्याने जाऊ देईल, की ज्याने काहीच घातलं नाही ते? यावर मामांनी "हं" एवढंच केलं. त्यांच्या "हं" चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. त्यात नकार नसतो.

शेवटचा विषय उसाचा निघाला आणि तिथे आम्ही अजूनही अडकलेले आहोत. साक्री, धुळे, चाळीसगाव, पारोळा या भागांतून दसरा-दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात, काही पश्चिम महाराष्ट्रात, काही दक्षिण गुजरातेत. जान ब्रेमन या डच अभ्यासकाने १९७० च्या दशकात बारडोलीच्या उसावर पाहिले ते कोयते आपल्या खानदेशातलेच होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणून जावंच लागतं, आणि पोरं मागे कोणाकडे ठेवणार म्हणून तीही जातात. हजेरीपटावर दिवाळीपर्यंत टिकमार्क, पुढे रिकामे चौकोन. अशा मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. आजीकडे किंवा काकाकडे राहायचं, दोन वेळचं जेवण शाळेत, चालवायचं शाळा व्यवस्थापन समितीने. योजना चांगली आहे. मंजुरी मात्र ट्रक निघून गेल्यावर येते, असा मामांचा अनुभव.

"म्हणून यंदा आम्ही ठरवलंय," मी म्हटलं. "मंजुरी येवो न येवो, एका गावातली पोरं आम्ही ठेवून घेणार. गावातलीच बारावी झालेली एक मुलगी संध्याकाळी त्यांच्याजवळ बसेल, तिला मानधन आम्ही देऊ. धान्य गाव देतंय. वहीत लिहून झालंय."

"आणि मंजुरी कधीच येणार नाही. तुम्ही चालवताय म्हटल्यावर साहेब कशाला सही करेल? पुढच्या वर्षी दहा गावं तुमच्याकडे येतील. तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा. पण ट्रक दिवाळी झाली की लागतो, मामा. मुकादम मंजुरीसाठी थांबत नाही. तिसरीतलं पोर एकदा फडावर गेलं की चौथीत परत येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत."

ते बराच वेळ वहीची पानं उलटत बसले. मी हट्टाने गप्प राहिले. मग त्यांनी चष्मा लावला आणि कोरा कागद मागितला.

"पोरं ठेवून घे. मला ते पटलेलं नाही, पण ठेव. फक्त ज्या दिवशी पहिलं जेवण शिजेल त्याच दिवशीच्या तारखेचा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. समितीच्या ठरावासकट, पोरांच्या नावांसकट, आईबाप कुठल्या कारखान्यावर गेले त्यासकट. खर्च किती झाला ते दर महिन्याला त्यांना लेखी कळवायचं आणि तो परत मागायचा. मिळणार नाही, तरी मागायचा. ग्रामसभेत वाचायचा. लिही, मी सांगतो. प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी साहेब, पंचायत समिती... आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस. शिक्क्यावरची तारीख वाचता आली पाहिजे. पुसट उमटली तर दुसऱ्यांदा मारून घे."